शास्त्र किनाऱ्याला कसे लागेल?
(द्वितीय वर्ष कला, भूगोल)

भारताला किती किलोमीटर लांबीचा समुद्रकिनारा लाभला आहे? शाळेत असताना या प्रश्नाचे उत्तर आपण सर्वांनीच पाठ केले आहे. ७,५१६ किलोमीटर! आता हे उत्तर बदलले आहे. नव्या मोजणीप्रमाणे ही लांबी ११,०९८ किलोमीटर भरली. वर्तमानपत्रात ही बातमी आली तेव्हा आमच्या वाडीत ‘किनारा वाढला’ अशी चर्चा सुरू झाली. ज्यांच्या माडांच्या मुळाखालची माती दर पावसाळ्यात लाट ओढून नेते, त्यांना ही थट्टाच वाटली.

वास्तविक किनारा वीतभरही वाढलेला नाही. वाढली ती मोजणाऱ्याची नजर. जुना आकडा १९७० च्या दशकातला. तो ज्या नकाशावरून काढला होता त्यावर १ सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले ४५ किलोमीटर होते. एवढ्या लहान नकाशात खाड्या, खाजणे, खडपांची वळणे दिसणार कशी? ती सगळी एका रेषेत सरळ होऊन गेली. नव्या मोजणीच्या नकाशात १ सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. त्यामुळे पूर्वी न दिसलेली वळणे हिशेबात आली. आपल्या हाताचा पंजा दोऱ्याने मोजून पाहावा. बोटे मिटून बाहेरून दोरा फिरवला तर तो थोडा लागतो. बोटे पसरून प्रत्येक खाचेतून फिरवला तर कितीतरी जास्त लागतो. पंजा तोच, दोरा मात्र लांबतो.

हे समजावून द्यायला दोन मिनिटे पुरतात. परंतु ती दोन मिनिटे कोणी खर्च केली नाहीत. आकडा किनाऱ्यावर येऊन पोहोचला, त्याचा अर्थ मात्र वाटेतच राहिला. समुद्राच्या शास्त्राबाबत आपल्याकडे हे वारंवार घडते. तसे ते का घडते, कोठे घडले नाही, आणि आपल्यासारख्या कलाशाखेच्या विद्यार्थ्यांचा त्याच्याशी काय संबंध, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या देशात समुद्राविषयीच्या ज्ञानाचा तुटवडा नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ साली स्थापन झाली. तिचे मुख्यालय आज कोचीला आहे. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून प्रेरणा घेऊन १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. ती आपल्या शेजारी गोव्यात, दोनापावलाला आहे. रत्नागिरीजवळ शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. आणि १९९९ साली हैदराबादला भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र सुरू झाले. त्याला सर्वजण ‘इन्कॉइस’ या आद्याक्षरी नावानेच ओळखतात. हैदराबादला समुद्र नाही, तरी आपल्या समुद्राची रोजची खबर तेथून निघते!

या केंद्राचे एक काम पाहण्याजोगे आहे. आकाशात फिरणारे उपग्रह समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्याचा रंग टिपतात. थंड आणि उबदार पाणी जेथे एकमेकांना भिडते तेथे, किंवा खोलातले थंड पाणी जेथे वर येते तेथे, तळची पोषकद्रव्ये उजेडात येतात. त्यांवर डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म वनस्पती वाढते. तिच्यातल्या हरितद्रव्यामुळे पाण्याचा रंग बदलतो. तिला खायला बारीक जीव येतात, त्यांना खायला तारली-बांगड्यासारखे मासे, आणि त्यांच्यामागून सुरमई-कुपा. अर्थात मासा उपग्रहाला दिसत नाही. दिसते ते माशाचे जेवणाचे ताट! त्यावरून मासे कोठे मिळण्याचा संभव आहे याचा अंदाज बांधून तो मराठीसह किनाऱ्यावरच्या निरनिराळ्या भाषांत कळवला जातो. अमुक बंदरापासून अमुक दिशेला इतके किलोमीटर, तेथे पाण्याची खोली इतके मीटर, अशी ती माहिती असते. आकाश ढगाळ असले की उपग्रहाची ही नजर अडते. शिवाय १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे मासेमारीला बंदीच असते. तेव्हा ही सेवा मुख्यतः उघडिपीच्या महिन्यांची.

इतके सगळे असूनही शास्त्र आणि किनारा यांच्यात अंतर का राहते? मी याचे उत्तर पुस्तकात शोधण्याआधी घरातच शोधले. माझे वडील लहान होडीवर मासेमारी करतात. आई मासे विकते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे मोबाईलवर आलेला संदेश असो की सोसायटीत लागलेली सूचना असो, ती वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आहे. शेजारच्या दोन-तीन घरांतली माणसेही मोबाईल घेऊन माझ्याकडेच येतात. एकदा एक इशारा आला. ‘ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने वारे वाहतील, झोत ६५ पर्यंत जातील, मच्छीमारांनी खोल समुद्रात जाऊ नये.’ मी तो मोठ्याने वाचला. बाबा म्हणाले, “खोल म्हणजे किती वाव? ता खंय लिवलाहा?”

या प्रश्नाचे उत्तर त्या संदेशात नव्हते. वाव म्हणजे सहा फूट, सुमारे १.८ मीटर. बाबांचा सगळा समुद्र वावांत मोजलेला आहे. ‘३६ मीटर’ म्हटले तर ते क्षणभर थांबतात. ‘वीस वाव’ म्हटले की जागा त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहते. शिवाय त्यांच्या मनात दुसरी शंका होती. ताशी ५५ किलोमीटर म्हणजे असा कोणता मोठा वेग? आपली एस.टी. घाट संपल्यावर याहून जोराने धावते! ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मी ती आमच्या भूगोलाच्या सरांना विचारली. त्यांनी सांगितले की वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे त्याचा दाब चौपट होतो. म्हणून रोजच्या पंचवीसच्या वाऱ्याच्या मानाने पन्नासचा वारा होडीवर चौपट जोराने आदळतो. घरी हे सांगितल्यावर बाबांनी मान डोलावली. त्या दिवशी आकडा त्यांच्यापर्यंत पोहोचला असे मला वाटते.

येथे कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. इशारा देणाऱ्याने खरा इशारा दिला होता. ऐकणाराही अडाणी नव्हता. ज्याला अंधारात वाऱ्याच्या वासावरून किनारा ओळखता येतो त्याला अडाणी कसे म्हणावे? परंतु दोघांमध्ये एका शब्दाचे अंतर होते आणि समुद्रावर एका शब्दाचे अंतर जीवघेणे ठरू शकते. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ चक्रीवादळ कोकण किनाऱ्याजवळून वर सरकत अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान जमिनीवर आले. कोकणातल्या अनेक नौका त्यात सापडल्या. कित्येक खलाशी परत आले नाहीत. मी तेव्हा फार लहान होते. पण आमच्याकडे अजूनही ‘फयानच्या आधी’ आणि ‘फयानच्या नंतर’ अशी वर्षे मोजतात. तेव्हा विज्ञानाचा प्रसार हा आमच्या दृष्टीने केवळ व्याख्यानमालेचा विषय नाही. संध्याकाळी होडी परत येते की नाही, याच्याशी तो बांधलेला आहे.

मग शास्त्र मराठीत, आणि तेही किनाऱ्याच्या मराठीत, सांगता येते काय? काही जणांचा असा समज असतो की शास्त्राला जड शब्दच लागतात. मला तो खरा वाटत नाही. प्रथम वर्षाला भरती-ओहोटीचा पाठ शिकताना सरांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले: ‘उधाणाची भरती’ आणि ‘भांगाची भरती’. त्या क्षणी मला फार नवल वाटले. उधाण आणि भांग हे तर आमच्या घरातले शब्द! अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते आणि पाणी जास्त चढते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास सूर्य आणि चंद्र काटकोनात ओढतात, त्यामुळे पाणी कमी चढते व कमी उतरते, तो भांग. माझ्या आजोबांना काटकोन ठाऊक नव्हता, पण कोणत्या तिथीला जाळे टाकावे हे ठाऊक होते. ज्या कोणी प्रथम पाठ्यपुस्तक लिहिताना हे दोन शब्द किनाऱ्यावरून उचलले, त्यांनी शास्त्राची पातळी खाली आणली नाही. उलट, आमच्यासारख्यांच्या मुलांना शास्त्राच्या घरात शिरायला एक ओळखीचे दार ठेवले.

असाच एक शब्द केरळच्या किनाऱ्यावर आहे. तेथे कधी कधी वारा नसताना, आकाश स्वच्छ असताना, एकाएकी मोठमोठ्या लाटा येऊन घरांत पाणी शिरते. तेथले कोळी याला ‘कळ्ळक्कडल’ म्हणतात. मल्याळममध्ये कळ्ळन म्हणजे चोर आणि कडल म्हणजे समुद्र. चोरपावलांनी येणारा समुद्र! शास्त्रज्ञांनी शोध घेतला तेव्हा असे दिसले की या लाटा हजारो किलोमीटर दूर, दक्षिण महासागरातल्या वादळांत जन्म घेतात आणि काही दिवसांचा प्रवास करून येथे पोहोचतात. म्हणूनच येथल्या आकाशात त्यांची चाहूल नसते. महत्त्वाची गोष्ट अशी की शास्त्रज्ञांनी या प्रकाराला नवे परकीय नाव न देता कोळ्यांचाच शब्द ठेवला. २०१२ साली युनेस्कोने तो शास्त्रीय वापरासाठी स्वीकारला. आज इशाऱ्याच्या पत्रकात तो शब्द येतो आणि केरळातल्या म्हातारीला तो कोणी समजावून द्यावा लागत नाही.

आपल्याकडे बंदरावरचा बावटा हेही अशाच सोप्या सांगण्याचे जुने उदाहरण आहे. दिवसा शंकू व नळकांड्यांच्या आकाराच्या खुणा आणि रात्री तांबडे-पांढरे दिवे टांगून वादळाची सूचना देण्याची ही पद्धत इंग्रजांच्या काळापासून चालत आली. एक नंबरचा बावटा म्हणजे दूर समुद्रात हवामान बिघडले आहे, बंदराला तूर्त धोका नाही. तीन नंबर म्हणजे बंदरातच वादळी वाऱ्याचे भय. आठ, नऊ, दहा म्हणजे महासंकट. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही हा हिशेब तोंडपाठ असे. मला मात्र त्यातला शेवटचा, अकरा नंबरचा बावटा फार अर्थपूर्ण वाटतो. हवामानाचा इशारा देणाऱ्या कचेरीशी संपर्क तुटला आहे आणि हवामान वाईट होण्याचे भय आहे, असा त्याचा अर्थ. ज्यांनी ही यादी केली त्यांनी संपर्क तुटण्याला महासंकटाच्याही वरचा आकडा दिला!

इशारा सांगणे एक, आणि वर्षानुवर्षांची सवय बदलायला सांगणे दुसरे. दुसरे काम अधिक कठीण आहे. ते कसे साधते याचे उत्तम उदाहरण गुजरातेत, सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर घडले. जगातला सर्वांत मोठा मासा म्हणजे व्हेल शार्क. तो माणसाला काही करीत नाही. पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. सौराष्ट्रात त्याची मोठ्या प्रमाणावर शिकार होत असे. त्याच्या यकृताचे तेल होड्यांना लावत. शिकारीत पिंप बांधून त्याला दमवीत, म्हणून त्याला ‘बॅरल’च म्हणत. २००१ साली कायद्याने त्याला संरक्षण मिळाले. पण नुसता कायदा समुद्रात गस्त घालू शकत नाही. २००४ साली तेथे एक मोहीम सुरू झाली. तीत प्रसिद्ध कथाकार मोरारी बापू सहभागी झाले. त्यांनी लोकांना सांगितले की हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. माहेरी आलेल्या लेकीला कोणी मारते काय? त्या माशाला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, असे नाव मिळाले. गावोगाव पथनाट्ये झाली, माशाची खरोखरीच्या आकाराची फुगवलेली प्रतिकृती फिरवली गेली. आणि ज्यांनी तो मारला असता त्याच कोळ्यांनी पुढे आपली महागडी जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडून दिले.

विचार करा. माशाचे शास्त्र बदलले नव्हते, कायदाही बदलला नव्हता. बदलला तो एक शब्द. ‘बॅरल’ची ‘व्हाली’ झाली. हे काम प्रयोगशाळेत होऊ शकले नसते. ते कथेने, नाटकाने आणि भाषेने केले. ज्या गोष्टी आपण कलाशाखेत शिकतो त्याच या!

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातही अशी एक गोष्ट घडली आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली समुद्री कासवांच्या संरक्षणाचे काम सुरू केले. त्याआधी वाळूतली अंडी लोक काढून नेत, कोल्ही-कुत्रीही उकरत. गावकऱ्यांच्याच मदतीने अंडी सुरक्षित जागी पुरण्यात येऊ लागली. पन्नासएक दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात आणि समुद्राकडे धावतात. ते पाहायला लोक येऊ लागले, कासव महोत्सव सुरू झाला, गावातल्या घरांत पाहुणे उतरू लागले आणि कासव वाचवण्यात गावाचाही संसार चालू लागला. अशा पाहुण्यांना गावातली माणसे सांगतात की वाळू जास्त तापली की माद्या जास्त जन्मतात. पूर्वी जी माणसे ऐकणारी होती ती आज सांगणारी झाली. शास्त्र किनाऱ्याला लागले असे मी याला म्हणेन. २०२१ साली ओडिशात खूणपट्टी लावलेली एक कासवीण २०२५ साली गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली आणि पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे वेगवेगळी हा समज डळमळला. गुहागरला रात्री किनाऱ्यावर फिरणारी जागरूक माणसे नसती तर तो पट्टीवरचा आकडा कोणी वाचला असता?

या उदाहरणांवरून एक गोष्ट दिसून येते. जेथे शास्त्र नुसते ‘सांगितले’ गेले तेथे ते अडकले, आणि जेथे त्याने किनाऱ्याचे ‘ऐकले’ तेथे ते रुजले. पुदुच्चेरीजवळच्या खेड्यांत डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या संशोधन प्रतिष्ठानाने १९९८ च्या सुमारास माहिती केंद्रे काढली. वीरमपट्टिनम या कोळ्यांच्या गावी लोकांना हवी होती ती लाटांच्या उंचीची माहिती. तेव्हा अमेरिकी नौदल इंटरनेटवर प्रसिद्ध करीत असलेला अंदाज उतरवून घेऊन तो तमिळमध्ये कर्ण्यावरून गावाला ऐकवण्यात येऊ लागला. जगातले अत्यंत आधुनिक ज्ञान शेवटचे काही फर्लांग कर्ण्यावरून गेले! २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या दिवशी जवळच्याच नल्लवाडू गावातल्या, सिंगापूरला असलेल्या एका तरुणाने दूरदर्शनवरची बातमी पाहून घरी दूरध्वनी केला. गावकऱ्यांनी माहिती केंद्राचे दार फोडून कर्ण्यावरून सर्वांना पळण्यास सांगितले आणि गाव वाचला. कर्णा आधीपासून गावाचा होता, त्या आवाजावर गावाचा विश्वास होता, म्हणून त्या घटकेला तो उपयोगी पडला.

यंत्रेही हळूहळू हाच धडा शिकत आहेत. २०१७ च्या अखेरीस ‘ओखी’ वादळात केरळ-तामिळनाडूचे कितीतरी मच्छीमार समुद्रात सापडले; त्यांतल्या साठाहून अधिक नौका आपल्या सिंधुदुर्ग किनाऱ्याला, देवगडला आश्रयाला आल्या. दूर समुद्रात मोबाईल चालत नाही ही अडचण त्या वेळी सर्वांना जाणवली. म्हणून २०१९ साली उपग्रहाच्या साहाय्याने संदेश देणारे ‘जेमिनी’ हे उपकरण निघाले. पण त्यावर संदेश फक्त येत असे, उलट पाठवता येत नसे. पुढे इस्रोने दुतर्फा संदेशवहन करणारे यंत्र तयार केले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर येथे ते एक लाख नौकांवर बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ झाला. यंत्राला आता उलट बोलता येते. शास्त्राशीही आपल्याला असेच उलट बोलता आले पाहिजे.

कारण किनाऱ्याजवळही प्रश्न आहेत, आणि ते चांगले प्रश्न आहेत. २०२३ साली रुपेरी पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबीचा नियम झाला. पापलेटासाठी ती १३५ मिलिमीटर आहे. माशाला वाढायला आणि अंडी घालायला अवधी मिळावा हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. लिलावात मिलिमीटरची पट्टी कोणाजवळ असते? म्हणून मी आईला आडवी सात बोटे लावून दाखवली; साधारण तेवढेच भरते. आईला ते पटले. मग तिने विचारले, “जाळ्यात येऊन मेलेले पिल्लू परत टाकून काय उपयोग?” हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही मान्य होईल असाच आहे. त्याचे उत्तर बाजारात नाही, जाळ्यात आहे. जाळ्याचा आस मोठा ठेवला तर पिल्लू मुळात अडकणार नाही. म्हणजे नियम विकणाऱ्या बाईपर्यंत येण्यापूर्वी जाळे विणणाऱ्यापर्यंत आणि ट्रॉलरच्या मालकापर्यंत गेला पाहिजे.

दुसराही एक प्रश्न आहे. मासे कोठे मिळतील याचा अंदाज सर्वांना सारखाच मिळतो. परंतु ज्याची मोठी पर्ससीन नौका आहे तो चाळीस किलोमीटरवर सहज जातो, आणि रापण ओढणारा किनाऱ्यावरूनच पाहत राहतो. ज्ञान सारखे वाटले तरी होड्या सारख्या नसतात. भाषेने सगळे प्रश्न सुटतील असा भाबडा दावा मी करणार नाही. पण नियम काय आहे, तो का आहे आणि कोणाला लागू आहे, हे ज्याला नीट कळते तोच आपली बाजू नीट मांडू शकतो. न कळलेल्या माणसाच्या वाट्याला फक्त राग किंवा मुकेपणा येतो.

येथे आपला, म्हणजे कलाशाखेच्या विद्यार्थ्यांचा, संबंध येतो. विज्ञानाची वाट आपण घेतली नाही, त्यामुळे हे आपले काम नव्हे, असे पुष्कळांना वाटते. माझे मत उलट आहे. उपग्रह सोडणे आपले काम नव्हे. पण ‘खोल म्हणजे किती वाव’ हे लिहून घेणे आपले काम आहे. या महाविद्यालयात माझ्यासारखी अनेक मुले-मुली आहेत, ज्यांच्या घरात ती पहिलीच शिकत आहेत. आपल्याला दोन भाषा येतात: एक वर्गातली आणि एक घरातली. पुष्कळांना दुसरीची लाज वाटते. खरे तर पुलाचे दोन्ही खांब आपल्याच अंगणात आहेत.

म्हणून काही साध्या सूचना कराव्याशा वाटतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. एका वर्षी वाडीवाडीतल्या वृद्ध तांडेलांकडून वारे, प्रवाह, तळ आणि मासे यांचे शब्द गोळा करावेत. सुरमईला आमच्याकडे इसवण म्हणतात. अशी नावे शास्त्रीय नावांपुढे लिहून ठेवली तर तो कोश संशोधन संस्थांनाही उपयोगी पडेल. दुसरे, बंदरावर एक काळा फळा लावून त्यावर रोजचा हवामानाचा अंदाज वावांत आणि आपल्या बोलीत लिहावा. याला खडूखेरीज खर्च नाही. तिसरे, फळ्याच्या कोपऱ्यात मच्छीमारांचे प्रश्न लिहायला जागा ठेवावी आणि ते प्रश्न महिन्याकाठी शिरगावला किंवा दोनापावलाला टपालाने पाठवावेत. उत्तर आले की तेही फळ्यावर लिहावे. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी अर्थ समजून घ्यावा, मराठीच्या विद्यार्थ्यांनी शब्द शोधावा, नाट्यमंडळाने त्याचे पथनाट्य करावे.

नारळी पौर्णिमेला आपले लोक समुद्राला नारळ अर्पण करतात आणि मगच होड्या लोटतात. पावसाळ्यात समुद्रावर जाऊ नये, माशांनाही उसंत द्यावी, हे त्यांनी शास्त्राची पुस्तके येण्यापूर्वीच ओळखले होते. अशा माणसांना शास्त्र ‘शिकवायला’ जाण्याची गरज नाही. त्यांच्याशी ते बोलायला हवे. आणि बोलायचे तर प्रथम त्यांचे शब्द आपल्या वहीत उतरले पाहिजेत. येत्या सुट्टीत ज्यांना या कामात यायचे असेल त्यांनी भूगोल विभागात नाव द्यावे. पहिल्या पानावर मी ‘वाव’ हा शब्द लिहून ठेवला आहे.